सुकती लागल्यावर

गोव्यात मांडवीच्या पाण्यावर मला पंचवीस वर्षे झाली. त्यांपैकी पहिली बारा वर्षे मी खनिजाच्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर, होतो. खलाशी म्हणून चढलो, सुकाणू धरायला शिकलो आणि पुढे परवाना मिळाल्यावर मास्टर झालो. आमोणे, उसगाव येथे माल भरायचा आणि मुरगाव बंदरात पोचवायचा, हे आमचे काम. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा साचतो आणि समुद्रही खवळलेला असतो, म्हणून त्या महिन्यांत बार्ज मांडवीतून कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरत आणि तेथून जुवारीत उतरत. त्याला सगळे कालवा म्हणत असले तरी तो दोन नद्यांना जोडणारा सुमारे 17 किलोमीटरचा खाऱ्या पाण्याचा फाटा आहे. दोन्ही काठांना खारफुटी, तिच्यामागे बांध आणि बांधापलीकडे खाजन, म्हणजे खारे पाणी बांधाने अडवून केलेली, शेते. हजार टनांहून अधिक वजनाची बार्ज त्या अरुंद पाण्यातून रात्री नेताना भरतीचा एकेक तास मोजावा लागतो. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, बार्ज धक्क्याला लागल्या आणि माझ्यासारखे कितीतरी जण पर्यटकांच्या बोटींवर आले.

सध्या मी चालवतो ती बोट तीस प्रवाशांची आहे, एका इंजिनाची, वर उघडा मजला आणि खाली छोटा बार असलेली. पणजीच्या मोठ्या बोटींवर देखणी, फुगडी, कोरिदिन्यो असे नाच असतात. आमच्याकडे ते नाहीत. संध्याकाळी नदीतून वर जायचे, काठावरची गावे, बेटे आणि चर्चचे मनोरे पाहायचे, सोबत दोन पेये आणि थोडे खाणे, आणि काळोख पडला की परतायचे, एवढाच आमचा बेत असतो. या फेरीला येणारे लोक बहुतेक वेळा नदी पाहायलाच येतात, आणि त्यामुळे हे काम मला मनापासून आवडते.

तो दिवस चैत्र शुद्ध तृतीयेचा होता. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तृतीयेला ती सव्वादोनच्या आसपास येते, आणि वर खाडीत थोडा उशीर धरला तरी तीननंतर सुकती, म्हणजे ओहोटी, चांगलीच लागलेली असते. साडेआठच्या सुमारास पाणी अगदी तळाला जाणार होते. साडेचारला निघालो असतो तर साडेपाचला कालव्याच्या तोंडाशी पोचून सहापूर्वी बाहेर पडता आले असते. पण पुण्याहून आलेला चोवीस जणांचा गट, एका कचेरीतील मंडळी, आपल्या निवृत्त होणाऱ्या साहेबांना निरोप देण्यासाठी गोव्यात आलेली, वाहतुकीत अडकून पावणेसहाला धक्क्यावर पोचली.

मी त्यांच्या प्रमुखाला सांगितले की आज कालवा होणार नाही, दिवाडी बेटापर्यंत जाऊन परत फिरू. त्यांनी तिथूनच बोटीच्या मालकाला फोन लावला, कारण ठरलेल्या कार्यक्रमात कालवा आणि मगरी असे दोन्ही शब्द लिहिलेले होते आणि त्याचे पैसे भरलेले होते. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. "तोंडातून थोडे आत जाऊन लगेच वळवून आण, लोक खूश होतील," असे मालक म्हणाले, आणि मी हो म्हटले. याचा दोष मी त्यांच्यावर टाकत नाही. सुकाणू माझ्या हातात होते, तिथीचे गणित मला येत होते आणि नाही म्हणण्याचा अधिकार परवान्याबरोबरच माझ्याकडे आला होता.

जातानाचा प्रवास मात्र सुरेख झाला. मांडवीच्या पुलांखालून निघताना मी नेहमी 1986 ची गोष्ट सांगतो, कारण त्या वर्षी 5 जुलैला येथील पहिला पूल कोसळला होता आणि पणजी व बेती यांच्यामधील माणसांची ने-आण पुन्हा फेरीबोटींवर आली होती. उजव्या हाताला पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा जुना बांधीव रस्ता लागतो. तो 1633-34 मध्ये पोर्तुगीजांनी दलदलीतून काढला आणि आजही त्यावरून गाड्या धावतात. डावीकडे चोडण बेटाच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी आहे. सुकती लागल्यामुळे तिच्या पायथ्याची मुळे उघडी पडली होती आणि चिखलात बगळे उतरले होते. ते बगळे पाहून पाहुणे आनंदले. मला मात्र त्या उघड्या मुळांवरून पाणी किती उतरले आहे ते दिसत होते.

बारवर त्या दिवसांत हुर्राक असते. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, आणि तीच पुन्हा गाळली की फेणी. हुर्राक फक्त उन्हाळ्याचे दोन-तीन महिने मिळते. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबाचा सोडा घालून ती दिली की सरबतासारखी लागते. पहिल्यांदा पिणारा माणूस तिथेच फसतो, कारण तहान भागल्यासारखे वाटते आणि चढल्याचे उशिरा कळते. बाहेरून येणाऱ्यांना हे आधी सांगायला हवे असे माझे स्पष्ट मत आहे आणि आमच्या बारवरचा पोरगा ते सांगतोही. पण दोन पेये संपल्यावर पुढची विकत घेणाऱ्याला तो किती अडवणार?

जुने गोवे दिसू लागताच सगळे जण छायाचित्रांसाठी वरच्या मजल्यावर उजव्या कठड्याला आले आणि बोट कलली. अशा वेळी माझा जीव वर येतो. 7 मे 2023 रोजी केरळात तानूरजवळ दोन मजली पर्यटक बोट उलटून 22 माणसे गेली, तेव्हापासून तर अधिकच. बोटीचे वजन जितके खाली तितक्या जोराने ती कललेली पुन्हा सरळ होते. माणसे वर चढली आणि एका बाजूला झुकली की तो जोर कमी होत जातो. मी वेग कमी करून निम्म्यांना खाली बोलावले. ते आले, पण नाराजीने.

पावणेसातला सूर्य पाठीमागे बुडत असताना आम्ही कालव्यात शिरलो. थोडे आत जाताच खलाशाने बांबूने खोली पाहिली आणि काही न बोलता माझ्याकडे मान हलवली. मी तिथेच वळायला घेतले. पात्र अरुंद होते, प्रवाह जोरात होता आणि बोटीचा मागचा भाग मला हवा होता त्यापेक्षा जास्त काठाकडे गेला. तिथे पाण्यात रोवलेल्या खुंटांना कोळंबीचे जाळे बांधलेले होते. ओहोटीच्या ओढीने मासळी त्याच्या पिशवीत जाते आणि पाणी थांबले की मालक येऊन जाळे उचलतो. संधिप्रकाशात खुंट मला दिसले नाहीत. जाळ्याचा दोर बोटीखालच्या पंख्यात गेला, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. नांगर टाकेपर्यंत प्रवाहाने बोटीला बाजूच्या गाळावर नेऊन बसवले होते.

मी पहिल्यांदा बारवरच्या पोराला हाक मारली. "कुलूप लाव आणि किल्ली इकडे आण." मग सगळ्यांना खालच्या मजल्यावर मध्यभागी बसवून लाइफ जॅकेट घालायला लावली, धक्क्यावर फोन करून परिस्थिती कळवली आणि पोलिसांनाही कळवण्यास सांगितले. दुसरी बोट पाठवता येईल का असे विचारले, पण तीही पाणी वाढेपर्यंत आत येऊ शकत नव्हती. गटाचे प्रमुख माझ्याजवळ येऊन म्हणाले, "कॅप्टन, दोन तास इथे बसायचेच आहे तर बार तरी चालू ठेवा. आम्ही पैसे देतोय."

"साहेब," मी म्हणालो, "बोट पाण्यावर होती तेव्हा तुम्ही पाहुणे होता. आता मला प्रत्येक माणूस सांगितलेले ऐकणारा हवा आहे. किल्ली पणजीला गेल्यावर देईन."

ते रागावले आणि मोठ्याने बोलले. मी उत्तर दिले नाही, कारण त्यांच्या खांद्यावरून मला दुसरेच दिसत होते. पंचविशीच्या आतला एक मुलगा शर्ट काढून मागच्या कठड्यावर एक पाय टाकून बसला होता. कॉलेजात असताना पोहण्याच्या स्पर्धा जिंकल्या आहेत, सुरी द्या, पाच मिनिटांत दोर कापून येतो, असे तो हसत सांगत होता आणि त्याचे दोन मित्र मोबाइल धरून उभे होते. मी जाऊन त्याचे मनगट धरले. ते घामाने ओले होते आणि त्याला माझी पकड जाणवतही नसावी.

मी आवाज चढवला नाही. खाली उतरलास तर मांडीपर्यंत गाळात जाशील आणि पाय काढता येणार नाही, हे सांगितले. काळोखात तुटक्या जाळ्यात हात अडकला की चांगला पोहणाराही सुटत नाही, हेही सांगितले. मग खलाशाला समोरच्या काठावर विजेरी मारायला सांगितली. खारफुटीच्या बुंध्याशी, पाण्यालगत, निखाऱ्यासारखे दोन लाल ठिपके चमकले, क्षणभर स्थिर राहिले आणि आवाज न करता खाली गेले.

मुलाचा हात सैल पडला. मागून निवृत्त होणारे साहेब, जे संपूर्ण प्रवासात फारसे बोलले नव्हते, उठून आले आणि त्याचा शर्ट त्याच्या हातात देऊन म्हणाले, "बाळ, चल, माझ्याजवळ बस." तो गेला. थोड्या वेळाने तो रडला, आणि साहेबांच्या पत्नीने त्याला पाणी पाजले. त्यानंतर बारचा विषय कोणी काढला नाही.

तृतीयेची कोर झाडांआड गेल्यावर काळोख दाट झाला. साहेबांच्या पत्नीने मला विचारले की येथील लोक या प्राण्यांबरोबर कसे राहतात. मी त्यांना मांगेथापणीबद्दल सांगितले. आमच्याकडे मगरीला मानगे म्हणतात, आणि बोरीच्या बाजूचे शेतकरी पौष अमावास्येला ओल्या मातीची मगर घडवून, तिला शिंपले लावून बांधाजवळ पूजतात, कारण खाजन शेती जगते ती या पाण्याशी सलोख्यानेच. गणपतीत सातव्या दिवशी याच कालव्यावर कुंभारजुव्याला होड्या एकत्र बांधून सांगोड काढतात, हेही सांगितले. सगळे जण इतके शांतपणे ऐकत होते की काठावरच्या चिखलात बुडबुडे फुटल्याचा आवाजसुद्धा येत होता. इतकी वर्षे मी ध्वनिवर्धकावरून जे बोलत आलो, ते त्या रात्री पहिल्यांदा कोणीतरी ऐकले असे मला वाटले.

सव्वाआठच्या पुढे एक होडी आली, तिच्या टोकाला कंदील होता. जाळ्याचा मालक पाणी थांबण्याच्या वेळी आपली मासळी उचलायला आला होता. साठीचा माणूस. त्याने आधी खुंट पाहिले, मग आमची बोट, मग मला.

"मास्तर, सुकती लागल्या म्हूण तुका खबर नाशिल्ली?"

"खबर आशिल्ली," म्हणजे माहीत होते, मी म्हणालो. त्याहून वेगळे उत्तर माझ्याकडे नव्हते.

तो आणखी काही बोलला नाही. बोटीचा मागचा भाग आता गुडघाभर पाण्यात उघडा पडला होता. त्याने होडीतली फळी गाळावर टाकली, तिच्यावर ओणवा होऊन पंख्यापर्यंत पोचला आणि कोयत्याने स्वतःच्याच जाळ्याचे पीळ एकेक करून कापू लागला; आमचा खलाशी वरून विजेरी धरून होता आणि मी काठाकडे दुसरी विजेरी फिरवत होतो. पाऊण तास लागला. पाहुण्यांपैकी कोणीतरी त्याला बाटली देऊ केली, तेव्हा त्याने साधे पाणी मागितले. पैसे विचारल्यावर हात हलवून तो म्हणाला, "फाल्यां पळोवया," म्हणजे उद्या पाहू, आणि फाटलेले जाळे होडीत ओढून घेतले. त्या रात्रीची त्याची मासळी गेली होती.

भरती लागून बोट हलली तेव्हा दहाला दहा कमी होते. अकराच्या सुमारास पणजीचा धक्का आला. उतरताना साहेबांनी घडी केलेल्या नोटा माझ्या हातात ठेवल्या आणि त्या जाळेवाल्यासाठी आहेत असे बजावले. मी किल्ली गटाच्या प्रमुखांसमोर धरली. त्यांनी ती न घेता हात जोडले.

जाळ्याची भरपाई देण्यास बोटीच्या मालकाने नकार दिला; जाळे वाटेत लावले ही जाळेवाल्याची चूक, असे त्यांचे म्हणणे. मला ते मान्य नाही. त्या खुंटांची जागा आमच्या पर्यटनाहून कितीतरी जुनी आहे. साहेबांनी दिलेल्या रकमेत माझी भर घालून मी रविवारी त्याच्या घरी गेलो. तो आणि त्याची बायको अंगणात बसून जाळे विणत होती. त्याने पैसे मोजले, त्यातले काही परत केले आणि सांगितले की अर्धे जाळे वाचले आहे, तेवढे घेणे बरोबर नाही. मग चहा झाला आणि त्याने आमच्या फेऱ्यांच्या वेळा विचारून घेतल्या.

आता धक्क्यावर मी रोज सकाळी फळ्यावर एक वेळ लिहितो. तिच्यानंतर निघालेली बोट कालव्यात जात नाही, मग पैसे कोणीही भरलेले असोत. मालकांनी ते मान्य केले आहे. कालव्यात शिरलो की वळणाच्या अलीकडे, डाव्या काठाला, खुंटांच्या टोकांवर पांढरे प्लास्टिकचे कॅन उलटे बांधलेले दिसतात. काळोख पडू लागला तरी ते दुरून ओळखू येतात, आणि मी इंजिन मंद करून त्यांच्यापासून लांबूनच वळतो.