मोकळ्या हाताने

दादरमधील एका जुन्या वाचनालयाच्या सभागृहात मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तत्त्वज्ञांच्या आयुष्यावर आणि विचारांवर मराठीतून व्याख्यान देते. श्रोते बहुतेक निवृत्त असतात; कोणी बँकेतले, कोणी महापालिकेतले, कोणी शाळेतले. महाविद्यालयात हाच विषय मी पंचवीस वर्षे शिकवत आले आहे, तरी इथे येताना माझी तयारी अधिक कसून होते, कारण इथे कोणी परीक्षेसाठी बसलेले नसते आणि न पटलेले वाक्य कोणी मुकाट्याने वहीत उतरवून घेत नाही.

गेल्या पावसाळ्यातील अशाच एका शनिवारी विषय होता सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा. 27 जुलै 1656 रोजी ॲमस्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यू समाजाने या 23 वर्षांच्या तरुणाला बहिष्कृत केले, त्याला दिवसा आणि रात्री, निजताना आणि उठताना शाप असो असे जाहीर केले, आणि त्याच्या चार हातांच्या अंतरात कोणी जाऊ नये, त्याने लिहिलेले कोणी वाचू नये असे फर्मावले, इथून मी सुरुवात केली. वाळीत टाकणे म्हणजे काय हे आमच्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नाही. गावकीच्या बहिष्काराच्या आठवणी अनेकांच्या घरांत आहेत, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाला 2016 साली स्वतंत्र कायदा संमत करावा लागला. सभागृह अगदी शांत झाले होते.

त्यानंतर मी भिंगांकडे वळले. तिथे माझे एक ठरलेले वाक्य होते, जे मी कितीतरी वर्षे वर्गात म्हणत आले होते: दिवसा भिंगे घासून या माणसाने पोट भरले, रात्री ग्रंथ लिहिला, आणि त्याच काचेच्या धुळीने 21 फेब्रुवारी 1677 रोजी, वयाच्या 44 व्या वर्षी, त्याचा बळी घेतला.

तिसऱ्या रांगेतील सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी हात वर केला. "मॅडम, मधेच बोलतो, माफ करा. पण धूळ कुठली? भिंग ओलं घासतात."

प्रिन्सेस स्ट्रीटच्या मागे चष्म्याची भिंगे करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी 38 वर्षे काम केले होते. त्यांनी सांगितले की घासणे आणि पॉलिश ही दोन वेगळी कामे आहेत. आधी लोखंडी टूलवर एमरी, म्हणजे घासायची कठीण भुकटी, आणि पाणी घालून काचेला गोलाई द्यायची, एमरी हळूहळू बारीक करत न्यायची, आणि मग पॉलिशने तिला पारदर्शक करायचे. "कोरडं घासाल तर काच तापेल, ओरखडे पडतील. हां, तो गाळ कपड्यांवर वाळला की त्याची भुकटी होते, ती नाकात जाते. ते आम्हीही सोसलंय."

मी त्यांचे आभार मानले आणि माझे वाक्य तिथल्या तिथे दुरुस्त केले. स्पिनोझा फुप्फुसांच्या जुन्या दुखण्याने गेला. त्याची आईही, तो जेमतेम सहा वर्षांचा असताना, छातीच्या विकाराने गेली असे मानले जाते. काचेच्या भुकटीने त्याचे दुखणे वाढले असेल, पण तिनेच त्याला मारले असे ठामपणे म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. शिवाय त्या वाक्याने भिंगे म्हणजे केवळ गरिबाचा पोटधंदा ठरत होता, आणि तेही खरे नाही. त्या काळी प्रकाशशास्त्र हे नव्या विज्ञानाच्या अगदी पुढच्या फळीतले काम होते. हायगेन्ससारखा शास्त्रज्ञ आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात स्पिनोझाच्या पॉलिशची वाखाणणी करतो, आणि 1671 साली जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ त्याला पहिले पत्र लिहितो तेही प्रकाशशास्त्राविषयीच.

मग मला 1665 सालचे एक पत्र आठवले, जे मी व्याख्यानात कधी घेत नसे. हायगेन्सने भिंगे घासण्यासाठी यंत्र बनवल्याची बातमी देऊन स्पिनोझा त्यात लिहितो की भिंगे घासायच्या गोलाकार तबकांवर यंत्रापेक्षा मोकळ्या हाताने पॉलिश अधिक चांगले आणि अधिक खात्रीचे होते, हे आपल्याला अनुभवाने पुरेसे कळले आहे.

हे ऐकताच ते भिंगवाले काका उठून पुढे आले. टेबलावर माझ्या चहाची बशी होती. तिच्या खोलगट भागात त्यांनी दोन रुपयांचे नाणे ठेवले, त्यावर तीन बोटे टेकवली आणि ते मधून कडेकडे, कडेकडून मधे फिरवू लागले. प्रत्येक फेरीला नाणे किंचित वळत होते. त्यांच्या अंगठ्याच्या शेजारच्या बोटाचे टोक एका बाजूने सपाट झालेले मला जवळून दिसले. "एकाच रेषेत घासलं की गोलाई बिघडते. आणि पाणी कमी झालं की काच ओढ घेते. ते मी डोक्यानं ठरवत नाही, मॅडम. बोटं आधी थांबतात, मग मला कळतं."

'नीतिशास्त्र' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात, दुसऱ्या विधानाखालच्या टिपणात, स्पिनोझा म्हणतो की शरीर काय काय करू शकते हे आजवर कोणीही निश्चित केलेले नाही. मनाने आज्ञा करावी आणि शरीराने पाळावी, ही समजूत त्याला मान्य नव्हती. मन आणि शरीर ही दोन वेगळ्या अंगांनी दिसणारी एकच गोष्ट आहे, असे तो मानत होता. त्याने स्वतः झोपेत चालणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले आहे, आणि मीही आजवर तेच देत आले होते. त्या संध्याकाळी मी काकांच्या तीन बोटांवरून ते टिपण समजावले. मात्र बोटे मनापेक्षा शहाणी आहेत असा त्याचा अर्थ नाही, हेही मला सांगावे लागले, कारण मागच्या रांगेतील एका निवृत्त शिक्षिकेने ती शंका लगेच काढली. स्पिनोझाच्या मते ज्याचे शरीर अधिक गोष्टी करू शकते आणि अधिक गोष्टींचा ठसा घेऊ शकते, त्याचे मनही तितकेच अधिक जाणू शकते. 38 वर्षे बोटांबरोबर काकांचे जाणणेही घडत होते, आणि "मग मला कळतं" या त्यांच्या शब्दांत ते आलेलेच होते.

सभा आठला संपली. पाऊस असल्याने लोक जिन्यात थांबून होते. काकांनी माझा चष्मा मागितला, तो ट्यूबलाइटखाली तिरपा धरला आणि भिंगावर पडलेली उजेडाची पट्टी कडेपासून कडेपर्यंत सरकवत पाहिली. पट्टी कुठेच वाकली नाही. "मशीनचं आहे," ते म्हणाले, "पण पॉलिश चांगलं आहे." मग त्यांनी खिशातल्या स्वच्छ रुमालाने दोन्ही काचा पुसून चष्मा माझ्या हातात दिला.