‘गॉन विथ द विंड’ची बांधणी: कण्याचा फुगवटा अखेर उतरला

मार्गारेट मिचेलच्या ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीची जुनी प्रत मी नव्याने बांधत आहे. शिलाईच्या दोऱ्यामुळे कण्याला, म्हणजे ग्रंथाच्या पाठीला, येणारा फुगवटा १५ मिलिमीटरवर अडल्याचे मागच्या नोंदीत लिहिले होते. काल रात्री तो ६ मिलिमीटरवर आला, म्हणून ही नोंद घाईने लिहीत आहे.

१९३६ च्या मूळ आवृत्तीप्रमाणेच माझ्या प्रतीतही कादंबरी १,०३७ पृष्ठांची आहे आणि ती ३२ पृष्ठांच्या ३३ फर्म्यांत (घडी घातलेल्या कागदांच्या जुड्यांत) बसते. प्रत्येक फर्म्याच्या घडीत दोऱ्याचा एक फेरा जातो. दुकानात ‘बारीक’ म्हणून मिळालेला मेणाचा दोरा स्क्रू गेजने मोजला, तेव्हा तो ०.४५ मिलिमीटर भरला. असे ३३ फेरे एकावर एक आले की कणा जाड, समोरची कड बारीक आणि ग्रंथ पाचरीसारखा होणारच. मी दोन रात्री हातोडी चालवली, चार दिवस शिकंज्यात आवळून ठेवले. पण जुना कागद दबला, दोरा दबला नाही. शेवटी सगळी शिलाई उसवली.

उपाय जुनाच निघाला. पहिले चार आणि शेवटचे तीन फर्मे पूर्ण जुजबंदीने, म्हणजे प्रत्येक फर्म्याला स्वतंत्र फेरा देऊन, शिवले. मधले २६ फर्मे जोडीजोडीने घेऊन एकाच फेऱ्यात दोन फर्मे, आलटून पालटून, पट्ट्यांवर शिवले. त्यामुळे ३३ ऐवजी २० फेरे झाले, आणि ०.३ मिलिमीटरचा लिननचा दोरा वापरल्यामुळे उरलेला फुगवटा गोलाई देण्यापुरताच राहिला. हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी कणा वळला तेव्हा मी कितीतरी वेळ तो नुसता हाताळत बसलो होतो. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद (तांब्याचा क्षार) घालण्याची पद्धत मी सोडली आहे, कारण तांब्याचे क्षार जुन्या कागदाचा ऱ्हास वाढवतात.

दोन खंड करण्याचा सल्ला काही मित्रांनी दिला होता. तिसरा भाग तिसाव्या प्रकरणाशी, नायिका स्कार्लेटचा लाडका अ‍ॅश्ली अमेरिकी यादवी युद्धातल्या कैदेतून तिच्या टारा या मळ्यावर परततो तिथे, संपतो. तिथे फर्मे वेगळे करणे सोयीचे झाले असते. तरीही मी नकार दिला. त्याआधी अ‍ॅश्लीच्या घराण्याच्या ट्वेल्व्ह ओक्स या उजाड मळ्यात स्कार्लेट मातीतला मुळा उपटून खाते आणि पुन्हा कधीही उपाशी न राहण्याची प्रतिज्ञा करते. युद्ध संपल्यानंतर ती जे जे करते, ते त्या भुकेतूनच येते. ग्रंथ तिसाव्या प्रकरणाशी तोडला तर दुसऱ्या खंडातली स्कार्लेट केवळ लोभी वाटेल.

कव्हरसाठी हिरवी मखमल ठरवली होती, कारण टाराच्या हिरव्या मखमली पडद्यांपासून शिवलेला स्कार्लेटचा तो पोशाख कोण विसरेल? मात्र नमुन्याच्या तुकड्यावर खळ आरपार गेली आणि मखमलीची लव बसली. त्यामागे कागद चिकटवून पुन्हा प्रयत्न करणार होतो. पण हे लिहीत असतानाच अधिक योग्य कल्पना सुचली. युद्धकाळात अमेरिकेच्या दक्षिणेत, म्हणजे फुटून निघालेल्या कॉन्फेडरेट राज्यांत, कागदाची एवढी टंचाई होती की वेढ्यात सापडलेल्या विक्सबर्ग शहरात जुलै १८६३ मध्ये वर्तमानपत्र भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठीवर छापले गेले, आणि मोबील शहरात त्याच कागदाची वेष्टने घालून पुस्तके विकली गेली. कादंबरीतही निरुपयोगी झालेल्या कॉन्फेडरेट नोटा पोटमाळ्याच्या फटींवर चिकटवण्यासाठी घरातल्या दाई मॅमीला द्यायचे ठरते आणि अ‍ॅश्लीची बायको मेलनी ते थांबवते. म्हणून आता पुठ्ठ्यावर फुलापानांच्या नक्षीचा भिंतीचा कागद लावीन, कण्यावर आणि कोपऱ्यांवर साधे सुती कापड घेईन, आणि मखमल ग्रंथ ठेवायच्या पेटीच्या आतल्या अस्तराला वापरीन.

कव्हरच्या आतल्या बाजूच्या अस्तराच्या कागदांना टाराच्या तांबड्या मातीचा रंग हवा आहे. गेरू पातळ खळीत कालवून तीन छटा वाळत घातल्या आहेत. त्यांपैकी मधली सर्वांत जवळची वाटते, पण बोटाला रंग लागतो, त्यामुळे उद्या तिच्यावर खळीचा आणखी एक पातळ हात देऊन पाहणार आहे.