मे महिन्यातला बडग्या

आमच्या धंद्यात पंखा हा शत्रू आहे. क्विलिंगच्या, म्हणजे गुंडाळून नक्षी करायच्या कागदाच्या, तीन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या रंगवार लावून ठेवाव्यात आणि मागून कोणीतरी मायेनं रेग्युलेटर पाचवर न्यावा, की संपलं. बरं, कूलर लावावा तर खोलीभर दमट हवा होते. कागद ती पितो आणि सकाळी ताठ असलेला ओरिगामीचा बगळा दुपारी मान टाकतो. जपानचे अकिरा योशिझावा कागद मुद्दाम किंचित ओलावून घड्या घालायचे आणि त्यातून प्राण्यांना असा गोल गुबगुबीतपणा आणायचे की बघत राहावं. पण त्यांचा कागद जाड असायचा आणि हात योशिझावांचा. आपल्या घोटीव कागदाची कूलरसमोर नुसती पोळी होते. आणि दोन्ही बंद ठेवले तर फेव्हिकॉल ब्रशवरच सुकतो आणि बायका घरी निघून जातात.

नागपुरात मे महिन्यात कागदकामाचे वर्ग घ्यायचे म्हणजे या तीन संकटांपैकी रोज एक निवडायचं. अकरा वर्षं मी तेच करते आहे.

त्या दिवशी निवड माझ्या हातात राहिली नाही. त्रिमूर्तीनगरकडच्या एका चार मजली फ्लॅट स्कीममध्ये सुट्ट्यांचं शिबिर होतं. एक दिवस, मुलं आणि आया मिळून, माणशी साडेतीनशे रुपये, त्यात किट. किट म्हणजे पारदर्शक पिशवीत चार रंगांच्या पट्ट्या, एक कार्डशीट, दोन घोटीव कागद, गोंदाची छोटी बाटली आणि फुलाचं ग्रीटिंग कसं करायचं त्याचा छापील कागद. मनातलं सांगायचं तर मला या पिशव्यांचा कंटाळा आला आहे. वीस पिशव्यांतून वीस सारखी ग्रीटिंगं निघतात, आई त्याचा फोटो टाकते आणि ग्रीटिंग कपाटावर जातं. पण माझं घर त्या पिशव्यांवर चालतं, म्हणून शनिवारी बसून भरते.

वीस किट नेले होते. आले एकतीस जण. सुट्ट्यांत प्रत्येकाकडे आतेभाऊ-मामेभाऊ आलेले, त्यांना घरी कोण ठेवणार? गच्चीवरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये आम्ही कसेबसे बसलो, दोन कूलर सुरू झाले आणि सव्वाअकराला लाइट गेली.

पाच मिनिटं सगळ्यांनी वाट पाहिली. मग कोणाला तरी मोबाइलवर कळलं की दुरुस्तीचं काम आहे, चार वाजेपर्यंत येत नाही. बाहेर चव्वेचाळीस अंश, वर पत्रा. एक पोट्टा म्हणाला, "मॅडम, खाली पार्किंगमध्ये चला न. तिथं थंड राहते." त्याचं बरोबर होतं. दहा मिनिटांत सतरंज्या, कात्र्या, पाण्याचे दोन माठ आणि एकतीस माणसं खाली. गाड्यांच्या मधल्या जागेत आम्ही लांबट गोल करून बसलो. एकतीस जणांत वीस किट वाटायचे कसे, हा प्रश्न तसाच होता.

वेळ काढायचा म्हणून मी रद्दी मागवली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हातभर उंच गठ्ठा आणून टाकला. मुलांना म्हटलं, वर्तमानपत्र वरून खाली फाडा. पट्टी सुतासारखी सरळ आली. आता आडवं फाडा. वाकडं, दातेरी, नदीच्या काठासारखं. असं का? कारखान्यात कागद धावत्या जाळीवर तयार होतो, त्यामुळे त्याचे बहुतेक तंतू धावेच्या दिशेनं झोपतात. त्या दिशेनं फाडलं की वाट मिळते, आडवं फाडलं की तंतू तोडावे लागतात. माझ्या पिशवीत हातकागदाचा एक ताव नेहमी असतो, तोही दाखवला. तो साच्यात हलवून काढलेला, त्याचे तंतू चहूकडे. कुठूनही फाडा, सारखाच चिवट. वर्ध्याला मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानं १९३४ नंतर जी कामं हाती घेतली, त्यांत हातकागदही होता, हेही सांगितलं. पण तोवर कोणी ऐकत नव्हतं. एकतीस जण कागद फाडत होते. फाडायची परवानगी कोणी देत नाही ना सहसा.

तळमजल्यावरचे काका, बँकेतून रिटायर झालेले, त्यांचा वेग मात्र फार कमी होता. ते प्रत्येक पान फाडण्याआधी वाचत होते. "हे पाहा, मार्चमध्येच लिहिलं होतं, यंदा ऊन जास्त राहीन." मग फर्रकन फाडायचे.

पट्ट्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला तेव्हा एक चिमुरडी म्हणाली, "याचा बडग्या बनवू."

बाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबत निघते. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, असं सांगतात. बांबूच्या कामट्या, कागद, कापड यांची ही प्रचंड बाई गावाची ईडा-पीडा घेऊन जाते, आणि तिच्यासोबत निघतात ते बडग्ये. हे तिचे पुरुष भाऊबंद. त्यांच्या छातीवर त्या वर्षी लोकांना ज्याचा वीट आला असेल ते लिहिलेलं असतं. रस्त्यावर सगळे ओरडतात, "घेऊन जा गे मारबत!"

पण ते श्रावण संपताना. मे महिन्यात बडग्या म्हणजे दिवाळीत रंग खेळल्यासारखं. एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्या म्हणाल्याच, "काहीच्या काही करून राहिले. मोसम आहे का त्याचा?" आणि त्यांनी खुर्ची फिरवून पाठ केली. पण पोरं ऐकतात होय?

एका घरातल्या गॅसवर मी मैद्याची खळ शिजवली. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग उकळत्या पाण्यात सोडायचा आणि काचेसारखी चकाकी येईपर्यंत ढवळत राहायचं. बाइंडिंगवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कीड-उंदीर लागत नाहीत. ते विषारी असतं आणि इथं पोरं बोटं चाटत होती, म्हणून मी घातलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

डोक्यासाठी मोठा फुगा फुगवला, त्यावर खळीत बुडवलेल्या पट्ट्यांचा एक थर दिला आणि वाळायला उन्हात ठेवला. तीन मिनिटांत धडाड! आतली हवा तापून फुगली. वॉचमनदादा काठी घेऊन धावत आले. फुग्यावर काम करायचं असेल तर सावलीत वाळवा, हे मी शेकडो लोकांना शिकवलं आहे; त्या दिवशी ते मलाच आठवलं नाही. आजी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "टोपली घ्या. फुग्याचं डोकं कोणी करते का?"

टोपली घेतली. चार थर चढवले. फाडलेली कड कापलेल्या कडेपेक्षा एकमेकींत छान मिसळते, म्हणून आम्ही कात्री वापरत नाही. आणि वाळायला नागपूरचं ऊन म्हणजे काय सांगू! मुंबईच्या माझ्या मैत्रिणीला ज्या कामाला दीड दिवस लागतो ते इथं दीड तासात खडखडीत झालं. या उन्हाचा मला झालेला हा एवढाच फायदा.

मिशा कशाच्या करायच्या यावर वाद झाला. तेव्हा त्या चिमुरडीनं आपलं किट उघडलं आणि काळी पट्टी गुंडाळून चक्री केली. तिचं बघून दुसऱ्यानं केली. मग वीसच्या वीस पिशव्या सतरंजीच्या मध्यावर रिकाम्या झाल्या. किती चक्र्या झाल्या ते मोजलं नाही. पण मिशा कोपरापर्यंत पोचल्या. हातात चक्री फिरत असली की कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, आणि बोलणं आपोआप वाढतं. अकरावीतली मुलगी समोर बघत आईला सांगून गेली की तिला सायन्स नको आहे. आईनं "हूं" म्हटलं आणि पट्टी गुंडाळत राहिली. एरवी या वाक्यावर काय झालं असतं ते आयांना माहीत आहे.

केसांची सोय काकूंनी केली. कूलरच्या जुन्या ताट्या बदलून गच्चीवर टाकल्या होत्या, त्यातलं क्षारानं पांढरट झालेलं गवत आणलं. पिकल्या केसांचा असा बडग्या मी कधी पाहिला नव्हता.

सगळ्यांनाच मजा येत होती असं नाही. एका आईनं मला बाजूला घेतलं. "मॅडम, आमच्या मुलीनं घरी काय न्यायचं? साडेतीनशे दिले आहेत." तिचं चुकलं नव्हतं. मी जाहिरातीत ग्रीटिंगच लिहिलं होतं. तिच्या दोन्ही मुलींचे पैसे परत केले. मुली मात्र मिशांपाशीच बसून राहिल्या, त्यामुळे आईलाही बसावं लागलं.

मग मान. जाळे काढायच्या लांब बांबूवर ती टोपली बसवायची, खळीच्या पट्ट्या आणि फेव्हिकॉलनं गुंडाळायची आणि सुतळी कसायची. डोकं जड झालेलं, जोड ओला. दोन्ही बाजूंनी कोणीतरी पंधरा मिनिटं न हलता धरायला हवं होतं. उंची बघून मी म्हटलं, "काका, तुम्ही इकडून. काकू, तुम्ही तिकडून."

पार्किंगमधला आवाज एकदम बंद झाला. पोट्टे एकमेकांकडे बघायला लागले. मला काय माहीत! काकूंच्या कूलरचं पाणी दोन उन्हाळे काकांच्या गाडीच्या टपावर ठिबकत होतं, पांढरे डाग पडले होते आणि दोघांमधलं बोलणं सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीमार्फत चालायचं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी दोघांनी धरलं. नाही कसं म्हणणार, एवढी पोरं बघत होती.

पाच मिनिटं शांतता. मग काकू बडग्याकडे बघत म्हणाल्या, "कान वाकडा होऊन राहिला."

"तुमच्या बाजूचा," काका म्हणाले.

"माझ्याकडून तर सरळ दिसते."

"प्रत्येकाला आपल्याकडून सरळच दिसते."

पुन्हा शांतता. खळ काकांच्या कोपरापर्यंत ओघळली होती.

"पाइप लांब असला तर पाणी कुंडीत जाईन," काकू म्हणाल्या. "दुकानात दीड मीटरचा मिळते. दोन लागते."

"माझ्याकडे तुकडा पडून आहे."

"मग काऊन नाही सांगितलं दोन वर्षं?"

"तुम्ही कुठं विचारलं?"

"हलू नका!" मी ओरडले, कारण दोघंही रागानं हात सोडायच्या बेतात होते. जोड अजून ओला होता. आणखी दहा मिनिटं त्यांना तसंच उभं राहावं लागलं, आणि त्या दहा मिनिटांत नळाचं पाणी किती क्षारयुक्त आहे यावर दोघांचं पूर्ण एकमत झालं.

छातीवर काय लिहायचं यासाठी कार्डशीट चिकटवून मोठा फलक केला. वर मुलांनी लिहिलं, "लाइट गूल". खाली "सुट्टीतला होमवर्क". काकांनी मार्कर मागून घेतला आणि "दुसऱ्याच्या गाडीवर पाणी" लिहिलं. काकूंनी त्याच मार्करनं त्याखाली "जिन्यासमोर गाडी". अकरावीवालीनं कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, ते मी वाचलं नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी लाइट आली. वरचे कूलर रिकाम्या हॉलमध्ये घरघरायला लागले आणि कोणी जागचं उठलं नाही. पोट्ट्यांनी बडग्या उचलून पार्किंगला दोन फेऱ्या मारल्या, "घेऊन जा रे बडग्या!" आजींनी खुर्ची वळवली, त्याला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "जाळू नका आता. मोसम नाही. पोळ्यापर्यंत ठेवा." तो मीटरच्या बोर्डाशेजारी उभा राहिला. मी घरी आले तेव्हा हिशेबात दोन माणसांचे पैसे आणि सगळ्या पट्ट्या कमी होत्या. फोटोही काढायचा राहिला.

पोळ्याच्या आधी चार दिवस काकूंचा फोन आला.

"ताई, बडग्याचं नाक उंदरांनी खाल्लं. एक कानही अर्धा गेला."

मोरचूद! मी कपाळावर हात मारला. "सरळवाला की वाकडा?"

"वाकडा. टोपली साबूत आहे, मिशा पण आहेत. रविवारी येता का? पोरं रद्दी जमवून राहिली."

"पाइप बसला?"

"तो तर जूनमध्येच बसवला काकांनी. आता तिसऱ्या मजल्याचं पाणी पडून राहिलं माझ्या कुंडीत, ते सांगते आल्यावर. किट-बिट आणू नका बरं."

"किती वाजता येऊ? आणि बसायचं कुठं?"

"दहाला या. लाइट असली तरी खालीच बसू."