तुम्ही विचारलंत म्हणून: ‘माणूस आधी’ म्हणजे कोणता माणूस?

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी, आर्णी, पांढरकवड्याकडे दौरा असला की कापूस शेतकऱ्यांच्या प्रकल्पावरची पोरं चहा घेता घेता हमखास विचारतात, "मॅडम, तुमच्या कागदावर ‘माणूस आधी’ असते, मंग आमचं कंत्राट दरसाली मार्चात काहून संपते?" मी एका आंतरराष्ट्रीय संस्थेत एचआर बघते. हसून वेळ मारून नेण्याचा आता कंटाळा आला, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

संस्थेच्या पटावर असलेल्यांसाठी ते बऱ्यापैकी खरं आहे. संयुक्त राष्ट्रांचंच घ्या. नेमणुकीचं गाव किती खडतर, याची ‘ए’ ते ‘ई’ अशी प्रतवारी असते आणि तिच्यावर भत्ता ठरतो. फार कठीण ठिकाणी ठरावीक आठवड्यांनी विश्रांतीची रजा मिळते. १ जानेवारी २०२३ पासून आईला आणि बापालाही १६ आठवड्यांची पालकत्व रजा आहे, बाळंतिणीला त्यावर आणखी १०. अन्याय झालाच तर दाद मागायला २००९ पासून स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. ते असावंच लागतं, कारण या संस्थांना कायद्याचं संरक्षण असल्याने कर्मचाऱ्याला आपल्या इथल्या कोर्टात त्यांना खेचता येत नाही.

कपाशीच्या वावरात वही घेऊन फिरणारा पोरगा मात्र या पटावर नसतोच. पैसा देणगीदाराचा, प्रकल्प मोठ्या संस्थेचा, करार स्थानिक संस्थेशी, आणि पोरगा त्या स्थानिक संस्थेचा, तोही प्रकल्प चालू असेपर्यंत. देणगीदार मोजतो ते शेतकरी आणि प्रशिक्षणं. वरच्या कारभारासाठी साधारण सात-आठ टक्के धरले जातात, त्यात ऑफिसचं भाडंही आलं अन् आमच्यासारखेही आले. मार्चात कंत्राट संपतं, नवीन पत्र यायला मे-जून उजाडतो. तोवर पोरगा घरी बसतो म्हणता? पेरणीआधीच्या बैठका काय थांबतात? तो बिनपत्राचा, स्वतःच्या पेट्रोलवर फिरत असतो.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर हातमोजे, चष्मे, मास्क यांवर सगळीकडेच भर आला. एका गावात असं वाटप चालू असताना मी बाजूला उभी होते. वाटणाऱ्याने स्वतःच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. नुकत्याच फवारलेल्या वावरातून आला होता, शर्टाला वास येत होता. म्हटलं, तुझा मास्क कुठाय? तो म्हणाला, "मी लाभार्थ्याच्या यादीत नाही ना, मॅडम." कर्मचाऱ्यांच्या यादीतही नव्हता, हे मला माहीत होतं.

(आमच्या मुख्यालयाकडून ताणतणावावर ऑनलाइन सत्रंही होतात. इंग्रजीत, दुपारी चारला. त्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते.)

माझ्या मते आमच्या खात्याचं घोडं इथंच पेंड खातं. ज्याचा पगार आम्ही काढतो, धोरण त्याच्यापुरतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी रोखली तेव्हा जगभरच्या प्रकल्पांवर हेच दिसलं. एका ओळखीच्याने ते दोन वाक्यांत सांगितलं: "साहेबाले नोटीस भेटते. आमाले फोन."

यावर उपाय सुविचारात नाही, बजेटच्या तक्त्यात आहे, आणि तोही प्रस्ताव लिहितानाच. करार झाल्यावर देणगीदाराकडे विम्याचे पैसे मागितले तर उत्तर ठरलेलं असतं: पुढच्या टप्प्यात बघू. म्हणून मी आता भागीदार संस्थेच्या करारात आधी मागची पानं उघडते. अपघात विमा, किलोमीटरमागे पेट्रोल, दोन कंत्राटांमधल्या महिन्यांचं मानधन. आमच्या वित्त विभागाला हे रुचत नाही. ‘ती माणसं आपली नाहीत’ म्हणतात. मागच्या करारात विमा टिकला, पेट्रोलवर काट मारली गेली, मानधनाचा मुद्दा चर्चेलाही आला नाही. पुढचा प्रस्ताव दिवाळीनंतर जायचाय, त्यात मानधन पहिल्याच पानावर टाकणार आहे.