फक्त अमेरिकेसाठी

डेपेश मोड या इंग्लिश इलेक्ट्रॉनिक पॉप बॅण्डचे चाहते जमले की ब्लॅक सेलिब्रेशन भारी की व्हायोलेटर यावर तासन् तास भांडतील, पण पीपल आर पीपल नावाच्या अल्बमचा विषय काढा, लगेच 'तो काय खरा अल्बम नाही यार' म्हणून मोकळे. तसं बघितलं तर खरंच आहे त्यांचं. १९८४ च्या जुलैमध्ये सायर या रेकॉर्ड कंपनीने तो फक्त अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी काढला. इंग्लंडमध्ये मार्चमध्ये याच नावाचं सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची रेकॉर्ड, आलं होतं, तिकडे विक्रीच्या यादीत चौथ्या नंबरपर्यंत गेलं, जर्मनीत तर थेट एक नंबर, मग अमेरिकेत काहीतरी विकायला नको का? म्हणून घरात उरलंसुरलं होतं ते काढून मिक्स भाजी केली.

एकूण नऊ गाणी. त्यातली चार १९८३ च्या कन्स्ट्रक्शन टाइम अगेनमधली, एक त्याच्या आदल्या वर्षीच्या ए ब्रोकन फ्रेममधलं, आणि बाकीची सिंगल्स आणि सिंगल्सच्या मागच्या बाजूला टाकलेली गाणी. गंमत म्हणजे त्याच वर्षी सम ग्रेट रिवॉर्ड हा 'खरा' अल्बम आला आणि त्यातही पीपल आर पीपल होतंच, म्हणजे ज्या बिचाऱ्या अमेरिकन पोराने दोन्ही घेतले त्याने एकाच गाण्याचे दोनदा पैसे मोजले.

तरी मला हा अल्बम आवडतो, आणि का आवडतो तर त्यातल्या वर्षांचा पार गोंधळ आहे म्हणून. ८२ ते ८४ मध्ये हा बॅण्ड झपाट्याने बदलत होता. आधी गाणी लिहिणारा विन्स क्लार्क सोडून गेलेला, जवळजवळ सगळी गाणी लिहायचं मार्टिन गोरच्या अंगावर आलेलं, अ‍ॅलन वाइल्डर नुकताच आलेला आणि सॅम्पलर नावाचं, कुठलाही आवाज टेप करून सुरात वाजवता येणारं नवं खेळणं हाती लागलेलं. यातलं पाइपलाइन ऐका, लंडनच्या शोरडिच भागात जिथे बांधकामं चालली होती तिथे जाऊन पत्रे, पाइप, मिळेल ते बडवून आवाज टेप केले आणि त्यातून जवळपास सहा मिनिटांचं गाणं उभं केलं. इतकं विचित्र आणि इतकं सुंदर गाणं पॉपच्या नावाखाली विकलं जात होतं याचं मला अजून नवल वाटतं. लंडनमध्ये ज्यांनी हे सगळं क्रमाने ऐकलं त्यांना बदल हळूहळू कळला असणार, पण ओहायोतल्या एखाद्या पोराला ८२ चं लीव्ह इन सायलेन्स आणि ८४ च्या पीपल आर पीपलचा तो हातोड्यासारखा ठोका एकाच बैठकीत मिळाला, आणि तेच त्याचं डेपेश मोड.

आणि शेवटचं गाणं कुठलं, तर एव्हरीथिंग काउंट्स! कंपन्यांच्या हावरटपणावर लिहिलेलं गाणं, तेही कंपनीने गल्ल्यासाठी जुळवलेल्या अल्बमच्या शेवटी. मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही, पण यापेक्षा चांगला शेवट कुणाला सुचलाही नसता.

विक्रीचं म्हणाल तर बिलबोर्डच्या अमेरिकन यादीत अल्बम ७१ पर्यंतच गेला. सिंगल मात्र ८५ मध्ये तिकडे १३ व्या नंबरपर्यंत चढलं, आणि जून ८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये त्यांच्या कार्यक्रमाला साठ हजारांवर लोक जमले होते. त्यातल्या कितीतरी जणांकडे हीच मिक्स भाजी असणार, मला तरी खात्री आहे. त्या रात्री पीपल आर पीपल वाजलं, नंतर त्या टूरबरोबर ते स्टेजवरून गेलं ते गेलंच, मार्टिन गोरला स्वतःलाच ते गाणं फारसं आवडत नाही. मला आवडतं, काय करणार. याच अल्बममधलं वर्क हार्ड मात्र मी दर वेळी स्किप करतो, ते कुणाला आवडत असेल तर कारण सांगा.