अम्माची फाईल

पुण्यात एका गृहकर्ज कंपनीत मी फायली तपासते. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सिबिल, ॲग्रीमेंट, मार्जिन मनी भरल्याची पावती. कागद पुरे असले तर फाईल पुढं, नसले तर पिवळी चिठ्ठी लावून मागं. नऊ वर्षं हेच चाललंय. माणूस समोर येऊन बसला की आता मला आधी त्याची प्लास्टिकची पिशवी दिसते, चेहरा नंतर.

मागच्या महिन्यात धुणंभांडी करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. पाच घरची कामं, पगार सगळा रोख. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, उत्पन्नाचा पुरावा लागतो. त्या म्हणाल्या, "मग पाचही घरी फोन लावा ना. बारा वर्षांत एक खाडा काढून दाखवा म्हणावं." माझ्या फॉर्मात त्याला रकाना नव्हता. चिठ्ठी लावली.

संध्याकाळी बसमध्ये बसल्या बसल्या उगाच अम्माची, म्हणजे माझ्या आईची, घर घेतानाची फाईल मनात भरायला घेतली. अर्जदार महिला, वय 36. व्यवसाय विड्या वळणे. मजुरी हजार विड्यांवर, त्यातून छाट, म्हणजे नापास विड्या, वजा. सहअर्जदार पती, यंत्रमागावर. पगार आठवड्याचा, माग बंद तर तोही बंद. शिक्षण तेलुगू शाळेत चौथी. बँकेत खातं नाही. तारण ठेवायला काही नाही. मराठीत सही येत नाही, अंगठा.

ही फाईल माझ्या टेबलापर्यंत पोचलीच नसती. बाहेर अर्ज घेणाऱ्या पोरानंच परत पाठवली असती. आणि तरी 2006 पासून सोलापूरजवळ कुंभारीला त्या बाईच्या नावावर घर आहे.

सोलापूर म्हटलं की पुण्यातली मंडळी चादर म्हणतात, फार तर शेंगाचटणी. विडी कुणाच्या तोंडात येत नाही. (तोंडात न आलेलीच बरी, हे मी अम्माचा खोकला ऐकून म्हणतेय.) आमच्या पूर्व भागात घराघरात बायका विड्या वळतात. बहुतेक तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं. नवरा मागावर, बायको सुपापुढं. रात्री तेंदूची पानं भिजवायची, सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं कापायची, चिमूट तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड नखानं मोडून आत दाबायचं. असं हजार वेळा. मग कट्टे बांधून विडी कंपनीच्या ब्रँचवर न्यायचं. तिथला तपासणारा मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला काढणार आणि त्या मोजायच्याच नाहीत. आमच्याकडे सून बघताना मुलीचं विडीचं कार्ड आहे का विचारायचे. मुलगी गोरी आहे का, हे त्यानंतर.

आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. दहा बाय दहा, वर पत्रा. सोलापूरचा मे महिना ज्यानं पत्र्याखाली काढलाय त्याला पुढचं वाक्य लागत नाही. मालकाला ओल्या पानांचा वास सहन व्हायचा नाही, म्हणून अम्मा पानं दाराबाहेर पोत्यात ठेवायची आणि रात्री दोनदा उठून पोतं जागेवर आहे ना बघायची. अकरा महिने झाले की भाडं वाढणार, नाहीतर खोली बदलणार. माझ्या चौथीपर्यंत आम्ही पाच खोल्या बदलल्या होत्या. पाचव्या खोलीत अम्मानं भिंतीला खिळाच मारला नाही. कॅलेंडर कपाटावर टेकवून ठेवलं होतं.

मग आडम मास्तरांचं प्रकरण सुरू झालं. म्हणजे घरकुलाचं. नरसय्या आडम, सिटू या कामगार संघटनेचे, लाल बावट्याचे, तीनदा आमदार झालेले; पण आमच्याकडे त्यांना मास्तरच म्हणतात. विडी कामगार बायकांची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, तिला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं. वारली आदिवासींच्यात काम केलेल्या गोदूताईंचं नाव तेलुगू बायकांच्या वसाहतीला मराठी मुलखात कसं काय, असं लहानपणी वाटायचं. आता वाटत नाही.

हिशेब सरळ होता. घर 60,000 रुपयांचं. 20,000 केंद्र सरकार, 20,000 राज्य सरकार, 20,000 आपण. संस्थेनं जमीन घेतली ती गावाबाहेरची, माळरानाची, म्हणजे स्वस्तातली. घरं 10,000. यात बिल्डर नव्हता. माझ्या धंद्यात राहून हे वाक्य लिहिताना गंमत वाटते, म्हणून पुन्हा लिहिते: यात बिल्डर नव्हता. सॅम्पल फ्लॅट नाही, स्विमिंग पूलचं चित्र नाही, फ्लोअर राइज म्हणून वरच्या मजल्याचे जादा पैसे नाहीत. नफा खाणारा माणूसच साखळीतून काढला की घराची किंमत कुठं येते, ते मी तिथं पाहिलंय.

पण 20,000 सुद्धा कुठून आणायचे? अम्माचं उत्तर तुकड्यातुकड्यांचं होतं. थोडे पीएफमधून काढले. थोडे भिशीतून, भिशीचा पहिला नंबर दुसऱ्या बाईनं हिला सोडला. पायातले चांदीचे कडे गेले. राहिले ते हप्त्यानं. आणि मोर्चे. पूनम गेटला मोर्चा असला की अम्मा आदल्या रात्री बारापर्यंत विड्या वळून हजार पुरे करायची आणि सकाळी डबा घेऊन निघायची. नाना, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "मोर्चानं घर मिळलालंय होय? सगळी हवा आहे." त्यांचं चुकत नव्हतं, त्यांनी गिरण्यांच्या वेळचे मोर्चे पाहिले होते. वर्षानुवर्षं नुसत्या पावत्याच होत्या हातात. नानांनी एकदा रागानं विचारलं, पावतीत राहायचं का? अम्मानं पावत्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून पिठाच्या डब्यात खाली सरकवल्या.

आता माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर बँक ज्याला जोखीम म्हणते ती इथं गल्लीनं उचलली. अम्मा हप्ता भरेल का, हे ब्रँचवर शेजारी बसणाऱ्या बाईला ठाऊक होतं. दहा वर्षं रोज तिला हजार विड्या मोजताना बघितलं होतं तिनं. पगाराची स्लिप आणखी काय वेगळं सांगते? त्या धुण्याभांड्याच्या बाईंचं म्हणणं तेच होतं. फक्त त्यांच्यामागं दहा हजार बायका नव्हत्या, त्या एकट्याच टोकन घेऊन आल्या होत्या.

सहीचं राहिलं. घर बाईच्याच नावावर होणार होतं, आणि कागदावर अंगठा द्यायचा नाही असं अम्मानं ठरवलं. मी तेव्हा आठवीत. मी तिला मराठीत नाव लिहून दिलं. वही वाया जाते म्हणून ती छाटलेल्या पानांच्या तुकड्यांवर माझ्या बॉलपेननं गिरवायची. ओल्या पानावर शाई धरत नाही, नुसता ओरखडा उठतो आणि थोड्या वेळानं तो तपकिरी होतो. संध्याकाळी केर काढताना माझ्या आईच्या नावाचे ते तुकडे सुपलीत यायचे. तिच्या सहीतलं शेवटचं अक्षर अजून खाली उतरतं, कारण पान तिथं निमुळतं व्हायचं.

1 सप्टेंबर 2006 ला पंतप्रधान मनमोहन सिंग सोलापूरला आले आणि घरांचं लोकार्पण झालं. गणपतीचे दिवस होते. मला भाषणातलं काही आठवत नाही; गर्दी, लाल झेंडे, आणि अम्माचं पोरांवर ओरडणं आठवतं. आम्ही राहायला गेलो ते दिवाळीच्या तोंडावर. एक खोली, स्वयंपाकघर, मागं मोकळी जागा. वर स्लॅब. पहिल्या दिवशी अम्मानं भिंतीत खिळा मारला. सिमेंट नवं, खिळा वाकला. दुसरा मारला, तोही वाकला. तिसरा बसला आणि त्यावर तिनं काहीच लटकवलं नाही बरेच दिवस.

इथून पुढं सगळं गोड झालं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्वस्त जमीन म्हणजे लांबची जमीन, हे मी रोज फायलींत वाचते आणि तिथं जगलेय. ब्रँच शहरात, घर कुंभारीला. पानांचं पोतं घेऊन अम्मा अक्कलकोट रोडला टमटमची वाट बघत उभी राहायची. पोत्याचं भाडं वेगळं. रोजच्या मजुरीतला एक लचका टमटमला जायचा. नानांना उलट सोयीचं झालं, कारण त्यांचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतच. पाण्याचे तर सुरुवातीला इतके हाल की दारोदार निळे पिंप दिसायचे आणि टँकर आला की भांडणं. काही बायकांनी घर भाड्यानं दिलं आणि परत पूर्व भागात खोली घेऊन राहिल्या. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पोट ब्रँचवर आहे आणि घर माळावर, तर माणूस पोटाकडे जाणार. नुसती घरं बांधून वसाहत होत नाही. दुकान, शाळा, दवाखाना, रिक्षा आणि जवळची ब्रँच हे सगळं यायला काही वर्षं जावी लागली. आज "विडी घरकुल" म्हटलं की सोलापूरचा रिक्षावाला विचारतो, "जुनं का गोदूताई?" तेवढं नाव झालंय.

नाना बरेच दिवस धुमसत होते. "घर तिच्या नावावर, मग मी कोण?" कट्ट्यावर माणसं चेष्टा करायची, "काय नारायण, भाडं देतोस का बायकोला?" एकदा भांडणात त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चल नीघ घरातून." मग दोघंही गप्प झाले. अम्मा हसली नाही, काही बोललीही नाही, कात्री उचलून पानं कापत राहिली. नाना चप्पल घालून बाहेर गेले आणि रात्री शेंगा घेऊन आले. ते वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

आता कुंभारीतच रे नगर उभं राहिलंय. 30,000 घरांचा प्रकल्प. विडीवाल्या, मागवाले, रिक्षावाले, कचरा वेचणारे सगळे. त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिल्या गेल्या. मास्तर तेच, सरकारं मात्र वेगवेगळी. माझ्या मामेबहिणीला त्यात घर मिळालं. प्रधानमंत्री आवास योजनेतून दीड लाख केंद्राचे, एक लाख राज्याचे, उरलेल्याला कर्ज. इथंच गाडी अडली. अम्माच्या वेळी बँक मधे नव्हतीच. बहिणीला बँकेनं विचारलं ते मी रोज विचारते तेच. ती विड्या वळते, नवरा रिक्षा चालवतो. फोनवर चार रात्री मी तिची फाईल लावली: पीएफची नोंद, परमिट, वीजबिल, बचत गटाचं पासबुक. शेवटी कर्ज झालं. तिनं मला साडी घेतली. मला ती नेसवेना, कारण त्याच आठवड्यात मी इथं तशाच तीन फायलींना चिठ्ठ्या लावल्या होत्या.

अम्माला वीजबिल वाचायचा नाद आहे. बिलावरचं नाव इंग्रजीत असतं, ती अक्षरं तिला येत नाहीत, पण तिच्या नावाचं ते चित्र तिला पाठ आहे. बिल आलं की आधी चित्रावर बोट, मग रक्कम, मग शिव्या.

गेल्या पंधरवड्यात ती माझ्याकडे आली होती. धायरीला माझं वन बीएचके, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, यंदा तिसरं. मी ऑफिसातून आले तर ती ओट्यापाशी माझं वीजबिल हातात धरून उभी.

"यात तुझं नाव कुठंय?"

"तिथं मालकाचं असतं, अम्मा."

तिनं पुन्हा एकदा बोट फिरवलं. "तू घरांचंच काम करतीस ना?"

मी चहा ठेवला. तिनं बिलाची नीट चौघडी घातली आणि मिक्सरखाली सरकवून दिलं.