आमची वाटचाल : जॉबकार्डावरचे रकाने

छापखाना सुरू केला तेव्हा आमच्या जॉबकार्डावर, म्हणजे प्रत्येक कामाचा तपशील लिहायच्या कार्डावर, चारच रकाने होते : नाव, काम, नग, तारीख. आज तेच कार्ड पाठपोट भरतं. मधल्या काळात मशिनं बदलली, डिजिटल छपाई आली. पण जॉब परत यायचे थांबले ते या रकान्यांमुळे, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकेक रकाना म्हणजे कागद कापण्याआधी विचारायचा एकेक प्रश्न.

बिलबुकाचंच घ्या. ‘दहा बिलबुकं, शंभर पानी’ ही ऑर्डर ऐकायला पूर्ण वाटते. पण दोन प्रतींचं बुक असेल तर १०० कागदांत ५० बिलं होतात. पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, मनात १०० बिलं असतील तर कागद २०० लागणार, आणि तीन प्रती हव्या असतील तर ३००. म्हणून ‘पानं’ हा शब्दच आम्ही कार्डावरून काढून टाकला. एका बुकात बिलं किती, आणि एका बिलाच्या प्रती किती, असे दोन वेगळे रकाने केले. त्यानंतर पहिला नंबर : १ पासून, की जुनं बुक जिथे संपलं तिथून पुढे? मग कोणती प्रत फाटून जाणार आणि कोणती बुकात राहणार? परफोरेशन, म्हणजे कागद फाडायला पाडलेली भोकांची रेघ, यावरच ठरतं. बुकात राहणाऱ्या स्थळप्रतीलाही परफोरेशन पडलं तर हाताळताना ती सुटी होऊन गळते. कार्बनलेस कागद (मध्ये कार्बन न घालता लेपामुळे खालच्या प्रतीवर उमटवणारा) असेल तर वरच्या प्रतीला मागून लेप, शेवटच्या प्रतीला पुढून, मधलीला दोन्हीकडून. म्हणजे प्रतींची संख्या आणि रंगांचा क्रम कागद मागवण्याआधीच पक्का हवा. क्रम उलटा लागला की खालच्या प्रतीवर काही उमटत नाही, आणि हे लक्षात येतं ते पार्टी पहिलं बिल फाडते तेव्हा.

प्रश्न विचारायचा म्हणजे आपल्या भाषेत विचारायचा नाही. ‘जीएसएम किती?’, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, असं म्हटलं की समोरचा कुठेतरी ऐकलेला आकडा सांगतो आणि आपण तो लिहून घेतो. दोघांनाही काही कळलेलं नसतं. त्यापेक्षा विचारावं : यावर पेनानं लिहायचंय का? शिक्का मारायचाय? प्रिंटरमधून जाणार? घडी पडणार? लिहायचं किंवा शिक्का मारायचा असेल तर चकचकीत आर्ट पेपर बाद, कारण पेनाची किंवा शिक्क्याची शाई त्यावर लवकर वाळत नाही आणि हात लागला की फिसकटते. लेटरहेड लेझर प्रिंटरमधून जाणार असेल तर पावडरची उठावदार छपाई नको. प्रिंटरच्या उष्णतेनं ती मऊ होऊन रोलरला चिकटते. जाड कार्डाला घडी असेल तर आधी क्रीझ (घडीसाठी दाबून पाडलेली रेघ) मारावी लागते आणि घडी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेनं ठेवावी लागते, नाहीतर घडीवर शाई तडकून पांढरी रेघ उमटते. हे सगळं वापरावरून ठरतं, आणि वापर पार्टीला बरोबर माहीत असतो.

‘२२ पानी पुस्तिका, मध्ये पिन’ यात प्रश्न एकच. सेंटर पिनला पानं चारच्या पटीत लागतात. तेव्हा २० करायची की २४? तो डिझाइनला बसण्याआधी विचारायचा, मजकूर लागल्यावर नाही.

काय आधी विचारायचं, हे आम्ही काम कुठे अडकतं त्यावरून ठरवतो. शाईचं प्रमाण मशिनवर थोडं कमीजास्त करता येतं. छपाईची प्लेट पुन्हा काढता येते, खर्च होतो इतकंच. पण नंबर पडले आणि कटिंग झालं की मागे फिरता येत नाही. म्हणून साइज, प्रती, नंबर, बाइंडिंगची बाजू हे पहिल्याच फोनवर. ब्लीड (कापण्याच्या रेघेबाहेर वाढवलेली छपाई) ३ मिलिमीटर, कडेपासून मजकूर ५ मिलिमीटर आत, हे आम्ही विचारत नाही, धरून चालतो. प्रश्नांची सरबत्ती केली की माणूस कंटाळून ‘तुम्हीच बघा’ म्हणतो, आणि ते उत्तर सगळ्यांत महाग.

फाइलचे प्रश्न वेगळे. मोबाइलवर आलेला फोटो १६०० पिक्सेल रुंद असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तो साडेतेरा सेंटिमीटरच भरतो. ए-४ पानभर ताणला की फुटतो. मूळ फोटो मागायचा. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर आमच्याकडे तो अगम्य चिन्हं होऊन उघडतो आणि रूपांतर करताना रफार, जोडाक्षरं घसरतात. अशा वेळी फाइलबरोबर वाचता येणारी पीडीएफ हवीच, नाहीतर ताडून बघायचं कशाशी?

तारखेच्या रकान्यात ‘अर्जंट’ लिहायला आमच्याकडे बंदी आहे. वाटप कधी, हे लिहायचं. ऑफसेटची शाई ओली असताना गठ्ठा कापला तर दाबानं ती वरच्या कागदाच्या पाठीला लागते. तो वाळण्याचा वेळ तारखेतून वजा करावाच लागतो.

फोन संपला की ठरलेलं सगळं चार ओळींत लिहून पाठवतो, धरून चाललेल्या गोष्टींसकट. प्रूफवर (छपाईआधी तपासायच्या नमुन्यावर) सही एकाच माणसाची, आणि ती कोणाची हेही आधीच विचारलेलं.

सगळ्यांत शेवटी वाढलेला रकाना ‘मागच्यासारखंच’ या ऑर्डरसाठी. मागचं म्हणजे नेमकं कोणतं, त्याची एक प्रत कार्डाला टाचायची. फोन नंबर, पत्ता, पहिला क्रमांक, तिन्हींवर पार्टीकडून पेनानं खूण करून घ्यायची. रंग मात्र त्या प्रतीवरून जुळवायचा नाही. पडून पडून कागद पिवळा झालेला असतो.